एका स्क्रीनसाठी दोन खेपा: जुन्या लॅपटॉपचे सुटे भाग आणताना

पहिल्या खेपेला माझ्याजवळ फक्त लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव होतं. सुट्या भागांच्या बाजारात अख्खा दिवस गेला आणि घरी आणलेला स्क्रीन बसलाच नाही. दुसऱ्या खेपेला फुटका स्क्रीनच टॉवेलात गुंडाळून बरोबर नेला आणि पहिल्याच काउंटरवर काम झालं. मधल्या आठवड्यात जे शिकलो ते सविस्तर लिहितो. स्क्रू खोलण्यात फारसं कोणी चुकत नाही, चूक होते ती भाग निवडताना.

लॅपटॉप भाचीसाठी घेतला होता. १४ इंची, २०१८ सालचा, ऑफिसांमध्ये वापरतात त्या जातीचा. तळाचं झाकण काढलं की आतलं सगळं हाताशी येतं, म्हणून मी मुद्दाम असाच शोधला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "फक्त डिस्प्ले गेलाय." घरी टेबलावर ठेवला तेव्हा दिसलं की टचपॅडची कड एका बाजूने उचललेली आहे, नख आत जाईल इतकी, आणि त्या बाजूला क्लिक होत नाही. अशा वेळी टचपॅड बदलायला धावू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी असते आणि ती फुगली की टचपॅडला वर ढकलते. म्हणजे यादीत दुसरा भाग आला. शिवाय एक की तुटलेली होती.

बाजारात जाण्याआधी घरी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडा. तिथे चित्र स्वच्छ दिसलं तर ग्राफिक्सचा भाग शाबूत आहे, आणि दोष स्क्रीन, त्याची केबल किंवा बॅकलाइटचा (स्क्रीनच्या मागच्या उजेडाचा) फ्यूज यांपैकी कशात तरी आहे. मग झाकण हळूहळू पुढेमागे करा. रेघा हलल्या, चित्र आलं-गेलं, तर आधी केबलवर संशय घ्या. स्क्रीन पूर्ण काळा असेल तर अंधारात तिरका टॉर्च मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, चालतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. आमच्याकडे अर्धा स्क्रीन काळा, अर्ध्यात उभ्या रेघा, आणि झाकण कितीही हलवलं तरी फरक नाही. म्हणजे पॅनलच.

दुसरी गोष्ट कुलपाची. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा, पासवर्ड मागतोय का. कंपन्यांनी काढून टाकलेल्या लॅपटॉपमध्ये सुपरवायझर पासवर्ड राहून गेलेला असतो, कधी तो लॅपटॉप अजूनही आधीच्या कंपनीच्या व्यवस्थापनात नोंदलेला असतो. ॲपलच्या मशीनमध्ये ॲक्टिव्हेशन लॉक असतो. हे कुलूप मूळ मालकाकडून निघणार नसेल तर एकही भाग विकत घेऊ नका. नवा स्क्रीन लावलेला बंद लॅपटॉप कोणाच्याच कामाचा नाही.

आता पहिली खेप. मॉडेलचं नाव सांगितल्यावर काउंटरवरच्या माणसाने तीन पॅनल समोर ठेवली. तिन्ही त्याच मॉडेलची! एक १३६६ बाय ७६८ चं, एक १९२० बाय १०८० चं साधं, एक १९२० बाय १०८० चंच पण टचचं. एकाच नावाखाली कंपनी वेगवेगळे पर्याय विकते. मी मधलं घेतलं. घरी जुना स्क्रीन उघडून केबल काढली तेव्हा कळलं की आमचा टचचा होता. त्याच्या कनेक्टरला ४० पिना, आणलेल्याला ३०. ती केबल त्यात जात नाही, आणि जोर लावून घालायची ही वस्तूच नव्हे.

खरं तर सगळी माहिती त्या जुन्या पॅनलच्या पाठीवर छापलेली होती. बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) काढा, स्क्रीन पुढे कलता करा, मागे स्टिकर दिसेल. त्यावर 'एन१४०एचसीए' सारखा एक क्रमांक असतो. 'एन' म्हणजे इनोलक्स, 'बी' असेल तर एयूओ, 'एलपी' असेल तर एलजी, 'एनव्ही' किंवा 'एनटी' असेल तर बीओई. पुढचा १४० म्हणजे १४.० इंच, १५६ म्हणजे १५.६. लॅपटॉपवर नाव कोणाचंही असो, पॅनल याच थोड्या कारखान्यांतून येतं. म्हणून दुसऱ्या कारखान्याचं पॅनलही चालतं, फक्त चार गोष्टी जुळायला हव्यात: रिझोल्यूशन, पिनांची संख्या, कनेक्टरची जागा आणि बसवायची पद्धत.

बसवायची पद्धत सगळ्यात जास्त नजरेतून सुटते. काही पॅनलना कडेला पत्र्याचे कान असतात आणि त्यांतून स्क्रू जातात. काहींना कान नसतात, ती चिकटपट्टीवर बसतात. १४ इंचांतच कानांशिवायची पॅनल साधारण ३१५ मिलिमीटर रुंद असतात आणि जरा रुंद जातीची साधारण ३२०. पाच मिलिमीटर जास्त असले तरी बेझल बंद होत नाही. पिनांचं म्हणाल तर, फुल एचडीच्या ६० हर्ट्झच्या साध्या पॅनलला बहुतेक ३० पिना असतात; टचच्या, ४केच्या किंवा १४४ हर्ट्झच्या पॅनलना ४०. पण फार जुन्या लॅपटॉपमध्ये ४० पिनांचा एलव्हीडीएस नावाचा जोडणीचा निराळाच प्रकार असतो. पिनांची संख्या तीच दिसली तरी दोन्हींची अदलाबदल होत नाही.

दुसऱ्या खेपेला मी बरीच तयारी केली होती. जुना स्क्रीन, लॅपटॉपचा चार्जर, प्रत्येक भागाच्या स्टिकरचे जवळून काढलेले फोटो आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. लेनोवो, डेल, एचपी यांची मॅन्युअल फुकट मिळतात आणि कुठला भाग कुठल्या क्रमाने काढायचा ते त्यांत चित्रांसह असतं. लेनोवोच्या भागावर एफआरयू क्रमांक, डेलच्या भागावर डीपी/एन, एचपीच्या भागावर स्पेअर पार्ट क्रमांक शोधा. लॅपटॉपच्या तळावरच्या अनुक्रमांकावरून मूळ भागांची यादी निघते, पण सेकंडहँड मशीनमध्ये मधल्या काळात कोणी काय बदललंय हे त्या यादीला ठाऊक नसतं. मी भागावर छापलेल्या क्रमांकालाच प्रमाण मानतो.

मी मॉडेलचं नाव उच्चारताच काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "दादा, नाव राहू द्या, पॅनलचा नंबर दाखवा." टॉवेल उघडला, त्यांनी पाठ बघितली आणि आतून एक पॅनल आणलं. मी ते तिथेच टेस्टरवर लावायला सांगितलं. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाचही रंग एकेक करून नीट बघावेत. पांढऱ्यावर कोपऱ्यांतले उजळ ठिपके कळतात, काळ्यावर कडेतून झिरपणारा उजेड, आणि रंगांवर मेलेले पिक्सेल. पहिल्या पॅनलच्या हिरव्या पडद्यावर मधोमध एक काळा ठिपका होता, मोहरीहूनही बारीक. मी ते परत दिलं, दुसरं स्वच्छ निघालं. 'ए प्लस ग्रेड' या शब्दांवर जाऊ नका, प्रत्येक विक्रेत्याचा ग्रेड त्याचा स्वतःचा असतो. किती मेलेल्या पिक्सेलपर्यंत परत घेणार, एवढंच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. स्क्रीनवरची पातळ फिल्म काढायची नाही, कारण ती निघाली की परत घेणं बहुतेक ठिकाणी संपतं.

जुना भाग बरोबर न्या, हे बाकी सगळ्या भागांना लागू आहे, फुगलेल्या बॅटरीला नाही. ती पिशवीत घालून प्रवास करू नये, चार्ज करू नये, टोकदार वस्तूने उचकटू तर नयेच. जागेवरच तिचा फोटो काढा आणि क्रमांक टिपा. विमानाने जाणार असाल तर फुगलेली किंवा खराब बॅटरी नेताच येत नाही. नवी सुटी बॅटरी न्यायची तर हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.

नवी बॅटरी निवडताना व्होल्टेज बघा. १०.८ आणि ११.१ हे तीन सेलच्या बॅटरीचेच आकडे आहेत, सेलचा दर्शनी व्होल्टेज ३.६ धरला किंवा ३.७ धरला, एवढाच फरक. पण १४.४ किंवा १४.८ म्हणजे चार सेल, ती तीन सेलच्या जागी लावायची नाही. व्होल्टेजला अँपिअर-तासांनी गुणलं की वॉट-तास निघतात: ११.४ गुणिले ४.२ म्हणजे साधारण ४८. स्टिकरवर लिहिलेला आकडा या गुणाकाराशी जुळत नसेल तर ती बॅटरी ठेवून द्या. वापरलेली बॅटरी मी कधीच घेत नाही. ती किती दिवस टिकेल ते बाहेरून कळत नाही, आणि सायकलचा (किती वेळा चार्ज झाली त्याचा) आकडा शून्यावर आणून विकणारेही असतात. काही लॅपटॉप अनोळखी बॅटरी चार्ज करायलाच नकार देतात, तेव्हा मूळ कंपनीची किंवा परत घेण्याची हमी असलेलीच घ्या.

कीबोर्डसाठी दोनच गोष्टी: एंटर कीचा आकार जुळतोय ना, आणि बॅकलाइटची वेगळी पट्टी आहे ना. कित्येक मॉडेलांत कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या डझनावारी ठिपक्यांनी वितळवून जोडलेला असतो. तिथे अख्खं कव्हर घेतलेलं बरं.

एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) बदलायची नव्हती, पण मोह झाला. एम.२ या पातळ पट्टीच्या प्रकारात आकार २२ बाय ८० मिलिमीटरचा म्हणून 'सगळं सारखंच' असं सांगतात. तसं नाही. साटा आणि एनव्हीएमई या जोडणीच्या दोन निराळ्या पद्धती आहेत. दोन खाचांची साटा एसएसडी एका खाचेच्या सॉकेटमध्ये छान बसते, आणि सॉकेट फक्त एनव्हीएमईचं असेल तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. मॅन्युअल बघूनच घ्या. रॅमचं सोपं आहे: डीडीआर४ च्या लॅपटॉप रॅमला २६० पिना, डीडीआर३ ला २०४, खाचा वेगवेगळ्या जागी, चुकीची बसतच नाही. चार्जर यूएसबी-सीचा असेल तर केबलकडे लक्ष द्या. ६० वॉटच्या वर पाच अँपिअरची केबल लागते, नाहीतर ६५ वॉटचा चार्जर असूनही लॅपटॉप रडतखडत चार्ज होतो.

बसवताना सगळ्यात आधी बॅटरीची केबल काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल लावली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, आणि मग नवा स्क्रीनही काळाच दिसतो. स्क्रूंसाठी कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर खाली मदरबोर्ड असतो.

बेझल लावण्याआधी मी स्क्रीन नुसता टेकवून लॅपटॉप सुरू केला. टच चारही कोपऱ्यांत चालला. हिंजचे स्क्रू घट्ट करून झाकण शंभरेक वेळा उघडलं-मिटलं, कारण केबल चिमटली असेल तर ती तिथेच उघडी पडते. परत घेण्याची मुदत संपेपर्यंत भाचीने फिल्मसकटच लॅपटॉप वापरला. रोज विचारायची, "मामा, आता काढू का?" शेवटच्या दिवशी पुन्हा पाचही रंग लावून बघितले, मग तिनेच एका कोपऱ्यातून ती फिल्म सोलली.