वेचणीचा हंगाम आणि माझ्या शुगरच्या गोळ्या

पऱ्हाटीचं खुट लागून पायाला झालेली जखम दीड महिना भरली नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. हळद लावली, खोबरेल लावलं, उपयोग नाही. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे आणि दरवेळी तांब्याभर पाणी प्यायचे. उन्हाळा आहे, असं मनाशी म्हणत राहिले. आमच्या आशाताई तिशीच्या वरच्या सगळ्यांना बीपी-शुगर तपासायला या म्हणून दारोदार सांगत होत्या, म्हणून उपकेंद्रात गेले. बोटाला सुई टोचली, मशीनवर ३१२ आलं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १८६. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी तालुक्याला केली, ती ९.४ निघाली. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह धरतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सासूबाई म्हणाल्या, "आता जन्माची लागली वं तुले गोळी." त्या रागाने नव्हत्या बोलल्या, त्यांना काळजी होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

पहिली गोळी मेटफॉर्मिन, ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा. जिथून आणली त्या दवाखान्यात रेटारेटी होती. पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या दोन फुल्या मारून दिल्या. जेवणाआधी की नंतर, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी पहाटे उठल्याबरोबर नुसत्या चहावर घेऊ लागले. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. तोंडाला सतत कळकलेल्या ताकाची चव. वावरात आडोसा नसताना दिवसातून चार वेळा पोट बिघडणं काय असतं, हे बाईमाणसालाच ठाऊक. पंधरा दिवसांत गोळी बंद केली, घरात कोणालाही न सांगता. त्याऐवजी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची भुकटी सुरू केली. दोन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर २४० आली.

आशाताई ओरडल्या नाहीत. ओसरीवर बसल्या आणि एवढंच विचारलं, "काकू, गोळी कशासंगं घेत होत्या?" मग स्वतः मला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतली तर पोट बऱ्याचदा कुरकुरतं. ती जेवता-जेवता किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यायची, आणि थोड्यापासून सुरू करून वाढवायची. आधी फक्त रात्रीच्या जेवणासोबत एक. ती हळूहळू विरघळणारी होती, म्हणून तोडायची नाही, चावायची नाही, सबंध गिळायची. दहा-बारा दिवसांत पोट शांत झालं, मग सकाळची दुसरी सुरू केली.

मला एक कोडं होतं, ते मी बाईंना विचारलं. रात्री मी फक्त ज्वारीची अर्धी भाकर आणि आंबाडीची भाजी खाते, तरी सकाळी साखर वाढलेली कशी? त्या म्हणाल्या, यकृत रात्रभर आपल्या साठ्यातून रक्तात साखर सोडत असतं, मधुमेहात ते जास्तच सोडतं, आणि ही गोळी त्यालाच आवर घालते. हे कळल्यावर माझा गोळीवरचा राग गेला. इतके दिवस मला वाटत होतं की गोळी म्हणजे माझ्या खाण्याची शिक्षा आहे.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.३. आणखी एक गोळी वाढली, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, सकाळच्या पहिल्या जेवणाच्या जरा आधी घ्यायची. खरा धडा मला या गोळीने दिला.

दिवाळीनंतरची वेचणी. मजुरांचा ऑटो लवकर आला, मी सहाला गोळी घेतली आणि न खाताच निघाले. शिदोरी निंबाखाली टांगली. साडेनऊच्या सुमारास ओटी अर्धी भरली होती आणि माझी बोटं थरथरायला लागली. बोंडातून कापूस नीट निघेना, पाल्यासकट ओढला जात होता. सकाळची थंडी अजून हटली नव्हती आणि माझा ब्लाऊज घामाने चिंब. ओठ बधिर. जाऊ शेजारच्या तासातून म्हणाली, "काय झालं वं बाई, ऊन लागलं काय तुले?" मी तिच्यावर विनाकारण खेकसले, ते मला आता आठवतही नाही, तिनेच सांगितलं. मग मी तासातच खाली बसले.

वेचायला आलेली एक पोर धावत धुऱ्यावर गेली. तिथे चहाचं सामान होतं. तिने पेल्यात पाण्यात तीन चमचे साखर घोळवली आणि माझ्या तोंडाला लावली. "काकू, हे प्या पयले. माह्या बाबाले असंच होते." पंधरा-वीस मिनिटांत हात स्थिर झाले. मग भाकर खाल्ली. ती पोर नसती तर बाकीच्यांनी मला उन्हाची भोवळ समजून नुसतं सावलीत निजवलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो की नसो. साखर ७० च्या खाली गेली की असा घाम आणि थरथर सुटते. मेटफॉर्मिन एकटी सहसा असं करत नाही. आणि मग त्यांनी जे विचारलं ते तोवर कोणीच विचारलं नव्हतं: "वेचणीच्या दिवसांत तुम्ही पहिला घास नेमका किती वाजता खाता?" मी म्हटलं, साडेदहाला, वावरात. "मग गोळी साडेदहालाच. आणि ज्या दिवशी जेवण नाही, त्या दिवशी ही गोळी नाही."

पहिल्या दिवशी गोळी पाकिटातून काढून पदराच्या गाठीत बांधून नेली, घामाने तिचा चुरा झाला. आता कुंकवाची रिकामी डबी धुऊन ठेवली आहे, तिच्यात पाकिटासकट कापलेली गोळी आणि बाजूला साखरेची पुडी. शिदोरीचं फडकं सोडलं की आधी डबी उघडते. एकादशीचं बाईंना विचारून घेतलं: त्या दिवशी ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन रात्रीच्या भगरीसोबत. हे माझ्यासाठी ठरवलेलं आहे. माझ्या चुलतभावाच्या गोळ्या वेगळ्या, त्याला त्यांनी वेगळं सांगितलं.

परवाची एचबीएवनसी ७.१. पायाची जखम केव्हाच भरली. तळपायांची जळजळ मात्र अजून पुरती गेली नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की काहींचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून बाईंनी ते आणि किडनीचं क्रिएटिनिन तपासायला सांगितलं आहे. पोळा झाला की तालुक्याला जाणार आहे.