तुम्ही विचारलंत म्हणून: आठ दिवसांत स्पिती होते का?

ओळखीतली मंडळी हा प्रश्न जवळपास ठरलेल्या शब्दांत विचारतात. "आठ दिवसांची सुट्टी आहे. थोडं साहस हवं, थोडी संस्कृतीही बघायचीय. स्पिती होईल ना?" होईल. हिमाचलातल्या या उंच खोऱ्यासाठी चंदीगड ते चंदीगड आठ दिवस धरा, म्हणजे पुण्या-मुंबईहून जाणं-येणं त्याच्या वर. दहा मिळाले तर उत्तम. फक्त पहिल्या दिवशी मनाली, दुसऱ्या दिवशी काझा (स्पितीतलं मुख्य गाव) आणि पुढे रोज पाच ठिकाणं असा बेत केला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. तिथून काझ्याला निघालात की त्याच दिवशी सुमारे ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडायची आणि ३,६५० मीटरवर झोपायचं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे बघा! डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही आणि दुसरा दिवस खोलीत पडून जातो. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनाही हे होतं. विरळ हवेला तुमच्या पायांतल्या ताकदीशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून जाताना शेजारच्या किन्नौर जिल्ह्यातून जा. शिमल्याच्या बाजूने नारकंडा, मग कल्पा, ताबो, काझा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण नियम आहे. कल्पा २,९६० च्या आसपास, ताबो ३,२८०, काझा ३,६५०. हा हिशेब रस्त्यानेच जमवून दिलाय. वाटेतलं नाको गाव ताबोपेक्षा उंचावर आहे, तेव्हा तिथलं तळं दुपारी बघा आणि मुक्कामाला ताबोत उतरा. मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि वर त्रास वाढला तर उद्याची वाट न बघता खाली या.

ताबोत मात्र दोन रात्री ठेवाच. इथला मठ इ.स. ९९६ मधला. बाहेरून पाहिलात तर मातीने लिंपलेल्या बुटक्या इमारती, "एवढंच?" असं बरेच जण म्हणतात. आत अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. डोळे सरावले की भिंतींवरून पुढे झेपावलेल्या मातीच्या मूर्ती दिसायला लागतात, आणि त्यांच्या खाली-वर रंगवलेल्या कथा. टॉर्च न्या, पण रंगांवर रोखून धरू नका. याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती तुलना अर्धीच पटते. अजिंठा शतकानुशतकं ओस पडलं होतं. १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडलं तेव्हा पुन्हा जगासमोर आलं. ताबो कधी ओस पडलंच नाही. पहाटे उठून प्रार्थनेला जाऊन बसा, म्हणजे फरक कळेल. दुसऱ्या दिवशी धनकरच्या मठाला जा. मठाच्या वरच्या तळ्यापर्यंतची चढण छोटीच आहे, पण दर वीस पावलांवर थांबायला लावते. साहस म्हणाल तर पहिल्या दिवसांत एवढं पुरे.

काझ्यात दोन रात्री काढल्यावर, दिवस असतील तर वरच्या गावांत राहायला जा. लांगझा, कोमिक, डेमुल ही गावं चार हजार मीटरच्या वर आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाता येतं. गावातलाच वाटाड्या घ्या. मुक्काम घरातच करा. चुलीभोवती बसायचं, थुक्पा (नूडल्सचं सूप) नाहीतर भाजलेल्या जवाचं पीठ खायचं, खारट लोणी-चहा एकदा तरी प्यायचा. संडास बहुतेक घरी कोरडा असतो: खड्डा, माती आणि फावडं. नाक मुरडू नका. त्याचंच खत पुढे जव आणि मटाराच्या शेतात पडतं, आणि जिथे नळ गोठतात तिथे दुसरं काही चालतही नाही. लांगझ्यात मुलं शिंपल्यांसारखे दगड दाखवायला येतात. ते जीवाश्म आहेत. हिमालय उभा राहण्याआधी इथे समुद्र होता. हातात घेऊन बघा, विकत मात्र घेऊ नका.

कधी जायचं? मे महिना सर्वांच्या सोयीचा, पण तेव्हा कुंझुम बरेचदा बर्फाने बंद असते आणि आल्या वाटेने परतावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात. दिवाळीत पोचेपर्यंत थंडी हाडांत शिरते आणि खिंडीचा भरवसा उरत नाही. माझं मत विचाराल तर गौरी-गणपती आटोपून सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघा. आकाश स्वच्छ, आणि परतताना कुंझुमवरून मनालीला उतरता येतं. तोवर शरीर उंचीला सरावलेलं असतं.

आणि चंद्रताल तलाव? तो त्याच परतीच्या वाटेवर थोडा आत आहे, एक रात्र मागतो. आठच दिवस असतील तर तो गाळा. ताबोतली रात्र गाळू नका. आणि हो, रोख पैसे काझ्याच्या एटीएमवर सोडू नका, खालूनच घेऊन जा.