टायमिंग बरोबर होतं, तरी ओम्नी घाट चढंना

वाईत गॅरेज असल्याचा एक फायदा म्हणजे टेस्ट ड्राइव्हला पसरणी घाट आहे. बाजारात फिरताना गाडीतली खोट लपते, घाटात नाही लपत.

तर एका बेकरीवाल्या काकांची ओम्नी आली, १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. रोज सकाळी पाव, खारी, टोस्ट भरून पाचगणीला जाते. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं होतं म्हणून दुसरीकडं इंजिन उघडलं, हेड फेसिंग करून (तळ घासून सपाट करून) आणलं, नवीन गॅस्केट, नवीन टायमिंग बेल्ट (क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा), सगळं झालं आणि तेव्हापासून गाडीचा जीवच गेला. सेल्फ मारला की चालू होते, आयडलिंगला जरा थरथरते पण बंद पडत नाही, आणि घाट लागला की सेकंडलाच रडते, वर काटा गरम दाखवतो. काका म्हणाले, "मिस्त्री, आधी पाणी खात होती पण पळत तरी होती हो, आता पाणी खात नाही आणि पळतही नाही."

मधल्या काळात प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरी बदलल्या, पेट्रोल पंप बदलला आणि शेवटी अख्खा नवीन कार्बोरेटर बसवला. फरक शून्य. आपल्याकडं ही एक वाईट खोड आहे, गेज लावायचा कंटाळा आणि पार्ट बदलायची घाई, पैसे काय गिऱ्हाइकाचेच जातात.

सीट उचललं (ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ते ठाऊक असेलच) आणि आधी व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन आत किती ओढ घेतं ते मोजणारं मीटर, लावलं. धडधाकट इंजिन आयडलिंगला १७ ते २० इंच (पाऱ्याचे) दाखवतं, आमच्याकडं उंचीमुळं दोनेक इंच कमी धरायचं. इथं काटा १२-१३ वर, आणि एकदम स्थिर. एखादा व्हॉल्व्ह गळत असता तर काटा नाचला असता. स्थिर राहून कमी म्हणजे तिन्ही सिलिंडरचं दुखणं एकच. कुठं हवा ओढतेय का म्हणून मॅनिफोल्डच्या आणि कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनर मारला, आरपीएम हललाच नाही, म्हणजे हवा ओढत नव्हती. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं, तिन्हीला ११५-१२० पीएसआयच्या आसपास, म्हणजे कमीच. चमचाभर तेल सोडून परत घेतलं तरी वाढलं नाही, म्हणजे रिंगा ठीक. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघितले, तेही बरोबर.

आता संशय टायमिंगवर. पण काका म्हणतात आधीच्या मिस्त्रीने टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावून दाखवलंय, बरोबर आहे. मीही लावली, आणि खरंच जवळपास बरोबर!

तेवढ्यात डिस्ट्रिब्यूटरकडं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाकडं, लक्ष गेलं. तो ज्या बोल्टवर फिरतो त्याची खाच लांबट असते, साधारण मध्यात बोल्ट यायला पाहिजे. इथं बोल्ट खाचेच्या पार टोकाला टेकलेला, अजून फिरवायला जागाच नाही, आणि जुन्या बोल्टचा गंजाचा गोल ठसा मात्र मध्यावर तसाच दिसतोय. म्हणजे इतकी वर्षं तो मध्यावर होता आणि हेडचं काम झाल्यावर टोकाला गेला, का बरं?

या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो. बेल्ट एक दात मागं बसला की कॅम मागं, आणि त्याच्याबरोबर ठिणगीपण मागं. आधीच्याने लाइट लावली, ठिणगी उशिरा दिसली, त्याने डिस्ट्रिब्यूटर फिरवून फिरवून ती जागेवर आणली. ठिणगीचं टायमिंग जुळलं, व्हॉल्व्हचं तसंच राहिलं. पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच, आत घेतलेला चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) थोडा परत मॅनिफोल्डमधे, मग कॉम्प्रेशन कुठून येणार आणि पिकअप कुठून! घाटात ॲक्सिलरेटर पार खाली दाबून चढवायची म्हणल्यावर गरम होणारच की.

कव्हर खोललं. एक नंबरच्या प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर सोडून पिस्टन टॉपला आणला, क्रँकची खूण जुळली, कॅम पुलीची खूण बरोबर एक दात अलीकडं. टेन्शनर आवळताना बेल्टची ढिलाई चुकीच्या बाजूला राहिली की हे होतं, बसवताना खुणा जुळलेल्या दिसतात आणि ताण आला की कॅम सरकतो. म्हणून बेल्ट चढवल्यावर हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे मारून खुणा परत बघायच्या असतात, पाच मिनिटांचं काम आहे, पण संध्याकाळ झालेली असते आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं.

बेल्ट नीट बसवला, दोन फेरे, खुणा जुळल्या. डिस्ट्रिब्यूटर आपोआप त्या जुन्या ठशावर आला. व्हॅक्यूम १७ ला थोडं कमी. काकांना शेजारी बसवून घाटात नेली, थर्डला चढली, काटा मध्याच्या वर गेला नाही. काका दत्तमंदिरापर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे तो कार्बोरेटर उगाच घेतला का हो?"

उगाचच. दुकानदार आता परत घेत नाही. जुना साफ करून परत बसवलाय, मस्त चालतोय, आणि नवीन पिशवीत बांधून पावाच्या क्रेटमागं पडलाय. कुणाकडं जुनी ओम्नी असेल तर सांगा, काका कमी करून देतील.