न मागता मिळालेले काम, न मागता झालेली सोय

बडोद्याचा उन्हाळा कडक असतो, संध्याकाळच्या वेळी रावपुऱ्यातून स्कूटर बाहेर काढताना माणसाच्या स्वभावाची परीक्षा होते आणि सणाच्या आदल्या दिवशी मंगळ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. या गोष्टींविषयी तक्रार करण्यात मला रस नाही, कारण माझ्या आजोबांच्या काळीही त्या थोड्याफार फरकाने अशाच होत्या. फरक म्हणजे स्कूटरच्या जागी सायकल. मला जो त्रास मोजावासा वाटतो तो अलीकडचा आहे. पूर्वी जे काम दुसरा कोणी पगार घेऊन करत असे, ते आता मी फुकट करतो, आणि करताना वर सूचनाही ऐकतो. आणि ज्या लहानसहान गोष्टींनी माझा दिवस बरा जातो, त्यांच्यामागे पाहिले तर कोणीतरी माझ्या आधी माझा विचार करून ठेवलेला आढळतो.

ओटीपीचेच घ्या. त्याच्या हेतूविषयी माझे काही म्हणणे नाही. कार्ड हातात न घेता होणाऱ्या व्यवहारांना दुसरी खातरजमा हवी, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये लागू केला आणि त्यामुळे पुष्कळांचे पैसे वाचले असतील यात शंका नाही. परंतु जो आकडा पैशांच्या व्यवहारापुरता असायला हवा होता, तो आता कुरियर घेताना, दवाखान्यात नाव नोंदवताना, इतकेच काय, एखाद्या दुकानात साधा सदरा विकत घेतल्यावर बिल करतानाही मागितला जातो. दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या ऐंशीच्या पुढची आहे. निरोप आणि ॲप एकाच फोनवर असल्यामुळे एकातून दुसऱ्यात जाईपर्यंत तिचा आकडा विसरतो, म्हणून ती तो पेन्सिलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून घेते. तिच्या दिनदर्शिकेत एकादशीच्या चौकोनातसुद्धा सहा आकडी संख्या आहेत. मी एकदा म्हटले, "आत्या, अगं, हे असे भिंतीवर लिहून ठेवायचे नसते." त्यावर ती म्हणाली, "अरे, चौथ्या आकड्यापर्यंत पोचते तोवर ते म्हणतात वेळ संपली. मी काय शर्यतीत उतरले आहे का?" आणि पुढे, "शिवाय दहा मिनिटांनी तो शिळाच होतो ना? मग कोणी वाचला तर वाचला." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिच्या बँकेच्या शाखेत पूर्वी एक कारकून बसत असे. तो पासबुक घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, "काकू, व्याज जमा झाले आहे" एवढे सांगे आणि तिचे काम संपे. त्या कारकुनाच्या जागी आता एक ध्वनिमुद्रित आवाज आहे. तो गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत स्वागत करतो, मग निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे अंक दाबायला सांगतो, आणि आपल्याला नेमके जे काम असते त्यासाठी अंक नसतो. माणसाशी बोलण्याचा पर्याय बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी सांगितला जातो, आणि तोही अशा बेताने की तिथवर धीर धरणारे थोडेच उरावेत. त्यानंतर आपला कॉल किती महत्त्वाचा आहे हे वारंवार ऐकत बसायचे. ज्याला माझा वेळ खरोखर महत्त्वाचा वाटतो, तो ते सांगण्यात माझाच वेळ घालवणार नाही, असे मला दर वेळी वाटते.

फोन आपण करावा तर ही कथा. येणाऱ्या फोनांची निराळी. कर्ज हवे आहे का, विमा संपत आहे, शहराबाहेर घरांची नवी स्कीम निघाली आहे, असे फोन नेमके जेवायला बसल्यावर येतात. यावर उपाय आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो, म्हणून येथे लिहून ठेवतो. जाहिरातीचे फोन नकोत असे सांगणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून आहे. 1909 या क्रमांकावर फोन करून किंवा निरोप पाठवून आपला क्रमांक तिच्यात घालता येतो. जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच यावेत आणि बँका व विमा कंपन्यांचे कामाचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत, अशीही विभागणी झालेली आहे. नोंदणी केल्यावर हे फोन कमी होतात, हा माझा अनुभव आहे. थांबत मात्र नाहीत, कारण नियम न पाळणारा माणूस साध्या दहा आकडी क्रमांकावरून बोलतो. गंमत अशी की त्रास न देण्याची विनंतीसुद्धा आपणच, आपल्या वेळात, नोंदवायची असते. त्रास द्यायचा असेल तर आधी माझी परवानगी घ्यावी, ही उलटी व्यवस्था मला जास्त न्याय्य वाटते.

या सगळ्यात शासनाने लोकहितासाठी सुरू केलेल्या सूचनाही आल्या. 2020 च्या मार्चमध्ये फोन लावला की आधी कोणीतरी खोकत असे, आणि पुढे काही वर्षांनी सायबर फसवणुकीचे इशारे ऐकू येऊ लागले. सूचना उपयोगाची होती, पण घाईच्या फोनलाही तीच, आणि पाठ झाल्यावरही तीच.

पुड्यांविषयी थोडक्यात. मसाल्याची, चटणीची किंवा शाम्पूची पुडी ज्या पातळ कागदाची दिसते तो कागद नसून दोन-तीन निरनिराळ्या पापुद्र्यांचा थर असतो. त्याच्यात फाट सुरू करायला जोर लागतो, पण एकदा सुरू झाली की ती सहज पुढे धावते. म्हणूनच कडेला एक बारीकशी खाच पाडायची असते. जो कारखानदार ती खाच नीट पाडतो त्याचे मी मनातल्या मनात आभार मानतो, आणि जो खाचेऐवजी नुसता "येथे फाडा" असा बाण छापतो त्याच्या घरी कात्री नक्कीच हाताशी असणार. कात्रीसुद्धा हल्ली अशा जाड प्लास्टिकमध्ये बंद करून विकतात की ती उघडायला दुसरी कात्री लागते.

अशी खाच मनावर घेतलेल्या माणसांचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या मांडवीजवळ उभे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले, आणि त्यांच्या हाताने संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालयेही त्यातलीच. पुस्तकापर्यंत वाचकाने यावे, याऐवजी वाचकापर्यंत पुस्तकाने जावे, हा विचार त्या पेट्यांत होता. मध्यवर्ती ग्रंथालयाची आजची इमारत 1931 मधली आहे. तिच्या ग्रंथसंग्रहाच्या भागात मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. पहिल्यांदा पाय ठेवताना माणूस जरा बिचकतो आणि मग कारण लक्षात येते: वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या फडताळांपर्यंत पोचावा, यासाठी ती काच आहे. फडताळे धातूची, आणि मजलेही असे बेतलेले की वरच्या कप्प्यातल्या पुस्तकासाठी शिडी शोधत फिरावे लागू नये. ज्यांनी हे आखले त्यांना मी दिसलो नव्हतो, दिसण्याचा संभवही नव्हता. तरी मराठी विभागातले एखादे जुने, पिवळे पडलेले पुस्तक काढताना माझ्या हाताची उंची त्यांनी धरली होती, असे वाटते आणि बरे वाटते. दिवे गेले तरी पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता येईल अशी सोय करणारा माणूस आजच्या एखाद्या ॲपच्या आखणीला बसवला असता, तर आत्याला ओटीपीसाठी दिनदर्शिका लागली नसती.

यावरून मी यंत्रांच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. आत्याच्याच घरचे दुसरे उदाहरण आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आपण हयात असल्याचा दाखला दर नोव्हेंबरला द्यावा लागतो, आणि त्यासाठी ती कितीतरी वर्षे रिक्षाने बँकेत जाऊन बाकावर बसत असे. 2014 मध्ये हा दाखला संगणकावरून देण्याची सोय झाली आणि 2021 पासून नुसता चेहरा दाखवूनही तो देता येतो. त्या दिवशी आत्या केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसली. फोनने डोळे मिचकवायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "या वयात आता हेही शिकवतोस का मला?" काम क्षणात झाले. हयात असल्याचे तिला कोणाला पटवून द्यावे लागते याचा राग तिला अजून आहे, पण रिक्षाचे भाडे आणि गुडघ्यांचा त्रास वाचला हे ती कबूल करते. फोन तोच, बोटे तीच. ज्याने हे आखले त्याच्या डोळ्यांपुढे म्हातारी माणसे होती, एवढाच काय तो फरक.

पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगणारा तो लहानसा डबा मात्र मला अजून ठरवता आलेला नाही. यूपीआय 2016 मध्ये आले, आणि त्यानंतर सुट्ट्या पैशांचा प्रश्न जवळपास मिटला. दोन रुपयांच्या बदल्यात बळेच हातात ठेवली जाणारी चॉकलेटे बंद झाली, हे तर थोर सुख. पण खंडेराव मार्केटमध्ये मी किती रुपयांची पापडी घेतली हे चार गाळ्यांपलीकडच्या माणसालाही कळावे, याची गरज मला वाटत नसे. एका सेव उसळवाल्याकडे उभा असताना त्याचे प्रयोजन समजले. त्याचा एक हात रश्शाच्या पळीवर आणि दुसरा शेवेच्या डब्यात. फोन उघडून पाहायला तिसरा हात नाही. डबा बोलला की तो वर न बघता मान हलवतो आणि आपल्या ताटलीत आणखी तरी, म्हणजे वरचा तिखट रस्सा, ओततो. ती तरी न मागता मिळते, तिचे पैसे लागत नाहीत, आणि ती ओतताना "अजून देऊ?" असे विचारण्याचीही पद्धत नाही. तेव्हापासून माझ्या पापडीची किंमत गावाने ऐकली तरी माझी हरकत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाविषयीही माझे मत असेच एका प्रसंगाने बदलले. रोज पहाटे तिथे कमळे, समया आणि सुविचार यांची रांग लागते, आणि कोणाचा नातू तिसरीत पहिला आला की अभिनंदनाचे अंगठे दुपारपर्यंत येत राहतात. मी तो गट गप्प करून ठेवला होता. मग 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, निम्मे बडोदे पाण्यात गेले आणि मगरी वस्तीत आल्याच्या चित्रफिती देशभर फिरल्या. त्या दिवसांत कोणत्या रस्त्यावर पाणी उतरले, दूध कुठे मिळते आहे, कोणाच्या आईची औषधे संपली आहेत आणि ती कोणाकडे शिल्लक आहेत, हे सगळे मला त्याच गटावर कळले. ज्या वहिनी रोज कमळ पाठवतात, त्यांनीच तिसऱ्या मजल्यावरून प्रत्येक घराची यादी करून विचारपूस केली. वीज नव्हती, त्यामुळे फोनमधली शिल्लक जपून वापरायची होती, आणि त्या दिवसांत त्यांनी एकही कमळ पाठवले नाही. आता ती कमळे परत आली आहेत. गट मी आता गप्प करत नाही, पण कमळे उघडूनही पाहत नाही.

शेवटी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. 14 आणि 15 जानेवारी हे दोन दिवस सारे बडोदे गच्चीवर असते. ध्वनिवर्धकांनी कान किटतात, उंधियूच्या दुकानापुढे रांगा लागतात आणि दर थोड्या वेळाने कुठून तरी "काप्यो छे" अशी आरोळी येते. या दिवसांत सगळ्यांच्या माना वर असतात, फोनकडे खाली वाकलेल्या नसतात, हे मला फार आवडते. परंतु ज्या मांजाने ही गंमत होते तोच रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गळ्याला लागतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो दिसायचा काही थांबलेला नाही. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला चौकाचौकांत पोलीस आणि स्वयंसेवक दुचाक्या थांबवून पुढच्या बाजूला तारेची एक कमान बसवून देतात. तिची रचना अगदी साधी आहे: आडवा आलेला दोरा कमानीला अडतो, आणि गळ्यापर्यंत पोचत नाही. पावती नाही, अर्ज नाही, क्रमांक विचारत नाहीत. "काका, जरा थांबा" एवढेच म्हणतात आणि दोन मिनिटांत सोडतात. सण संपला की बहुतेक जण ती काढून टाकतात, कारण स्कूटर तिच्यामुळे विचित्र दिसते. शेजारचे काका मला दरवर्षी विचारतात, "अहो, उत्तरायण होऊन गेली, अजून ती कमान कशाला?" पण विजेच्या तारांवर आणि वडांच्या फांद्यांवर अडकलेला मांजा फेब्रुवारीतही रस्त्यावर लोंबत असतो, तेव्हा मी ती होळीपर्यंत तशीच ठेवतो.