एक्सआरडीपी अर्ध्या मिनिटात का मान टाकत होतं: चोर सापडला

सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमधलं भूत आठवत असेल. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी कप्पे) वेगळे केल्यापासून लॅपटॉपवरून लॅबमधल्या डेबियन (लिनक्स) मशीनवर एक्सआरडीपीचं (दुरून डेस्कटॉप वापरू देणारा प्रोग्राम) सेशन लागायचं, डेस्कटॉप उघडायचा आणि तीसेक सेकंदांत माउस थिजायचा. मग पुन्हा जोडण्याची ती ‘२० पैकी १’ प्रयत्नवाली खिडकी. पिंग (मशीन उत्तर देतं का याची चाचणी) मात्र अखंड.

गंमत म्हणजे मोबाइल डेटावरून वायरगार्ड (व्हीपीएन) लावलं की तेच सेशन तासन्‌तास टिकायचं, शेजारच्या खोलीतून नाही! कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारे संदेश), एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार), आयपीएस (हल्ले रोखणारी तपासणी) बंद, तुम्ही सुचवलेलं सगळं झालं. फरक शून्य.

धागा लागला ऑप्नसेन्सच्या, म्हणजे माझ्या फायरवॉलच्या, लाइव्ह लॉगमध्ये. ३३८९ (एक्सआरडीपीचा पोर्ट) कडे जाणारी पॅकेट्स ‘डिफॉल्ट डिनाय’वर (परवानगी नसलेलं सगळं अडवणारा नियम) आपटत होती, आणि त्यांचे फ्लॅग (पॅकेटवरच्या खुणा) ए किंवा पीए, म्हणजे चालू जोडणीतले; नवी जोडणी मागणारा एकटा एस कुठेच नाही. म्हणजे जोडणी चालू आहे, पण फायरवॉलच्या दप्तरी तिची नोंदच उरलेली नाही. फायरवॉलच्या लॅबकडच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावला तर लॅपटॉपची पॅकेट्स जाताना दिसतात, उत्तर एकही नाही. उत्तरं निघत होती त्या डेबियन मशीनच्या वाय-फाय डोंगलमधून! प्रिंटर दिसावा म्हणून तो डोंगल २० नंबरच्या व्हीलॅनवर आहे, लॅपटॉपही तिथलाच. म्हणून लिनक्सने फायरवॉल टाळून थेट जवळची वाट धरली. फायरवॉलने सिन (एस, जोडणीची विनंती) पाहिला, होकाराचा सिन-अ‍ॅक कधीच नाही. अशा अर्धवट स्टेटला (जोडणीच्या नोंदीला) पीएफ (ऑप्नसेन्समधलं पॅकेट फिल्टर) मुळात ३० सेकंदच जगू देतो. वायरगार्डचा सबनेट (पत्त्यांचा गट) डोंगलच्या ओळखीचा नाही, त्याचं उत्तर मुकाट गेटवेकडे, म्हणजे फायरवॉलकडेच, जायचं.

टीसीपीडम्पला तोड नाही. उलट माझ्या स्वस्तातल्या मॅनेज्ड स्विचचं वेब पान! व्हीलॅन एका टॅबमध्ये, पीव्हीआयडी (पोर्टचा मूळ व्हीलॅन क्रमांक) दुसऱ्यात, आणि सेव्ह तिसऱ्याच कोपऱ्यात. पुढचा स्विच घेताना आधी मेनू बघणार, मग किंमत.

तूर्त ३३८९ ला वाट देणाऱ्या नियमाची स्टेट ‘स्लॉपी’ (ढिली तपासणी) केली, फ्लॅग ‘एनी’ (कोणतेही चालतील) ठेवले. काल संध्याकाळपासून सेशन एकदाही तुटलेलं नाही, चहा घेऊन आलो तरी कर्सर जागेवर लुकलुकतोय. पण फायरवॉलचे डोळे अर्धे मिटून चालवणं मला पटत नाही. म्हणून आयपी रूलने (लिनक्सची आज्ञा) लॅबच्या पत्त्याला वेगळं राउटिंग टेबल (वाटांची यादी) द्यायचं ठरवलं होतं.

हे लिहितानाच सुचलं, डोंगल हवाच कशाला? ऑप्नसेन्सचं एमडीएनएस रिपीटर प्लगइन (उपकरणांच्या हाका एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पोचवणारं) दोन्ही व्हीलॅनवर लावलं तर प्रिंटर तसाही दिसेल. मग टेबलाची भानगडच नको. रविवारी आधी तेच करतो. छपाईसाठी ६३१ या पोर्टचा एक नियम उघडावा लागेल. स्कॅनर व्हीलॅन ओलांडून कुणी चालवला असेल तर कोणते पोर्ट लागले ते टाका.