नक्की?

जेवणं आटोपली, टेबल पुसलं, आणि चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर तीनच माणसं उरली: मिठाची बरणी, मिरपुडीची बाटली आणि एक लवंग. मीठ म्हणजे आण्णांचा, माझ्या आजोबांचा, राजा, मिरपूड माझा, लवंग आण्णांचं प्यादं. चाळीस वर्षांपूर्वीचा बुद्धिबळाचा डाव मांडून झालासुद्धा.

हे खूळ तसं अलीकडचं. २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यातले मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला तो जलद डावांत. "अगं, सुटतोय की हा!" असं मी टीव्हीला सांगत होते, जणू मला फार कळतं. तेव्हा डोक्यात किडा शिरला: माझाही एक डाव सुटत होता का?

सांगलीत मे महिना म्हणजे आंबे आणि बुद्धिबळ. आण्णांना स्पर्धाबिर्धांत रस नव्हता. ओसरीवर पट मांडायचा, समोर एक नातवंड बसवायचं आणि अडकित्त्याने सुपारी कातरत त्याला हरवायचं. कर्र, कर्र. समोरच्याची चाल चुकली की कातरणं थांबायचं. एवढंच. बोलणं नाही, रागावणं नाही. त्या शांततेला आम्ही सगळी भावंडं टरकून असायचो.

तर पटावर तीनच सोंगट्या (घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा). माझा राजा ई-८ला, त्यांचा डी-५ला, प्यादं ई-४ला, चाल त्यांची. त्यांनी प्यादं ढकललं. मी ई-७ला येऊन वाट अडवली. त्यांनी परत ढकललं, ई-६. आता मला मागे सरणं भाग. सरळ की तिरकं? त्यांचा राजा डी पट्टीत, तेव्हा आपणही त्याच पट्टीत उभं राहावं, या दहा वर्षांच्या शहाणपणाने मी डी-८ला गेले. ते डी-६ला आले आणि संपलंच. मी बाजूला होईन तिकडून प्यादं पुढे, पाठोपाठ वजीर.

सरळ मागे गेले असते तर? मिरपूड ई-८ला ठेवली. मीठ डी-६ला आलं, मग मिरपूड डी-८ला, मिठासमोर. प्यादं शह देतं, मिरपूड परत ई-८ला. आता प्यादं राखायचं तर मिठाला ई-६लाच यावं लागतं, आणि मिरपुडीला शह नाही, पण हलायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. सुटला डाव!

तरी फोनवर ताडून पाहिलं. सात सोंगट्यांपर्यंतच्या शेवटांचा हिशेब मॉस्कोच्या महासंगणकाने २०१२ सालीच करून ठेवलाय, तिथे माझ्या तिघांची काय कथा. बरोबरी. छान वाटलं. मग उगाच आणखी मागे गेले, आण्णांनी प्यादं पहिल्यांदा ढकललं त्याच्या आधी, आणि फोन म्हणाला, पांढरा जिंकतो. राजा ई-६ला नेला की झालं. प्यादं ढकललं म्हणून डाव हातचा गेला.

आण्णांच्या? "आधी राजा, मग प्यादं" हे ज्यांनी आम्हाला पाढ्यांसारखं घोकून घेतलं, त्यांच्या? प्यादं आधी हलवलं म्हणून माझ्या मामेभावाच्या डोक्यात टपली बसलेली मी पाहिली आहे.

मिठाची बरणी हातात घेऊन बराच वेळ बसले. मग आठवलं. मी राजा डी-८ला ठेवला, पण बोट अजून उचललं नव्हतं. अडकित्ता थांबला होता. आण्णा कधी नव्हे ते बोलले: "नक्की?"

मला वाटलं, डिवचतायत. "नक्की," म्हटलं आणि बोट उचललं.

मग त्यांना जिंकावंच लागलं.