पॉलीमावशीची पडवी

२०२५ची आषाढी एकादशी ६ जुलैला आली, रविवारी. त्या दिवशी मी उपास धरून, पिशवीत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा टाकून, ऑरलँडोच्या मॅजिक किंगडममध्ये एका तराफ्याच्या रांगेत उभी होते. तिकडे पंढरपुरात लाखो माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात, आणि मी इथे डिस्नेच्या खोट्या नदीच्या काठावर. सासूबाईंनी फोनवर विचारलंच, "आज देवळात गेलीस का?" मी म्हटलं, "बेटावर चाललेय." त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

पण तो त्या बेटाचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून नदी, बेट आणि चाकाची मोठी बोट, तिन्ही कायमची बंद. तिथे आता 'कार्स' सिनेमातल्या गाड्यांचं जग येतंय: डोंगर, झाडं, गीझर, एक खडबडीत रस्त्यावरची शर्यतीची राइड आणि एक लहान मुलांसाठी.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मॅजिक किंगडम उघडलं १ ऑक्टोबर १९७१ला. तेव्हापासून तिथे ही नदी होती. नदी म्हणजे काय, गोल फिरणारा कालवा. निघते तिथेच परत येते. मधोमध बेट, मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या टॉम सॉयर या खोडकर पोराच्या नावाचं, १९७३पासून. बेटावर जायला पूल नाही, फक्त तराफा. वर गेलात की पायवाटा, अंधाऱ्या गुहा, पिंपांवर तरंगणारा एक हलता पूल, लाकडी किल्ला, पाणचक्की. राइड एकही नाही. कुठे पट्टा बांधायचा नाही, उंची मोजायची नाही. आणि बेटाभोवती फिरणारी तीन मजली पांढरी बोट, मागे लाल चाक. तिचं वाफेचं इंजिन अगदी खरं होतं. तिची शिट्टी वाजली की अर्ध्या पार्कात ऐकू जायची.

मला हे सगळं आवडायला कारण बाबा.

बाबा २०१४ साली पहिल्यांदा इकडे आले. चिपळूणच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस. आम्ही मोठ्या हौसेने त्यांना अंधारातल्या रोलर कोस्टरमध्ये बसवलं. बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुंभार्ली घाटातनं धुक्यात ब्रेकडाउन व्हॅन नेलीय मी. तेव्हा उलट मला पगार मिळायचा." त्यानंतर कुठल्याही राइडला नाही म्हणजे नाही. ऊन असं की डांबर पायाला चिकटेल, कडेवर दोन वर्षांची लेक, आणि आम्हा नवराबायकोच्या हातात दोन राइडची वेळ ठरवून घेतलेली. यांना बसवायचं कुठे? नवऱ्याने नकाशा उलटासुलटा केला आणि म्हणाला, बेटावर नेऊ.

तराफा काठाला लागला तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. "अगो, ही तर आपली तर!" त्यांचं गाव वेलदूर. समोर दाभोळ, मध्ये वाशिष्ठीची खाडी. शाळेला ते रोज तरीतून पलीकडे जायचे. तराफ्यावर चढताना कठड्याला न धरता, पाय जरा फाकवून उभे राहिले, सवयीने. बाकी सगळे पर्यटक खांब धरून.

बेटाच्या टोकाला एक उपाहारगृह होतं, टॉमच्या पॉलीमावशीच्या नावाचं. (मावशीच. गोष्टीत टॉमच्या आईची बहीण ती, आँटी म्हणून सोडून दिलं की नातं कळत नाही.) खाणं मिळणं केव्हाच बंद झालं होतं, पण त्याच्या पडवीत डुलत्या खुर्च्या होत्या. समोर पाणी, वर पंखे, पलीकडच्या काठावर भुताटकीचा वाडा. बाबा एका खुर्चीत बसले, लेकीला मांडीवर घेतलं, आणि आम्हाला हाताने 'जा' अशी खूण केली. दोन तासांनी आलो तर दोघं झोपलेली. बाबांच्या शर्टावर लाळेचा मोठा गोल डाग, आणि डोक्यावरची टोपी कुणीतरी, बहुधा शेजारच्या आजींनी, लेकीच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून सरकवून ठेवलेली.

नंतर बोटीत बसलो. बाबा वर गेलेच नाहीत, खालच्या मजल्यावर, चाक फिरवणारे दांडे मागेपुढे होताना दिसतात तिथे उभे राहिले. अर्धी फेरी झाल्यावर माझ्या कानाशी आले आणि गुपित सांगावं तसं म्हणाले, "ही रुळावरून चालते गो. वळताना कलंडत नाही बघ." खरंच होतं ते. पाण्याखाली रूळ होता आणि बोट त्याला धरून चालायची. "मग वर तो माणूस सुकाणू फिरवतोय तो कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "पण बॉयलर खरा आहे," असं स्वतःच म्हणून समाधानाने परत दांड्यांकडे बघत राहिले. त्या सहलीतलं त्यांना आवडलेलं एवढंच. चिपळूणला जाऊन मित्रांना सांगितलं तेही तेवढंच: अमेरिकेत खरी वाफेची बोट आहे आणि खोटी नदी आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये अनाहाइमच्या मोठ्या मेळाव्यात डिस्नेने 'कार्स' पार्कातल्या फ्रंटियरलँडमध्ये, म्हणजे या नदीकाठच्या भागात, येणार असं जाहीर केलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. नदी जाणार हे लोकांना कळलं ते मागाहून. मग जे सुरू झालं ते विचारू नका. आमच्या ओळखीच्या डिस्नेवेड्या घरांत (ऑरलँडोत अशी मराठी घरंही बरीच आहेत) सरळ दोन तट पडले. एक म्हणे, जागेला काय तोटा, सगळी मिळून १०० चौरस किलोमीटर जमीन आहे यांच्याकडे, मग नदीच का बुजवायची? दुसरा म्हणे, जमीन बाहेर आहे हो, गर्दी आत आहे. दोघांचंही खरं.

मला जास्त पटला तो एका मैत्रिणीचा मुद्दा. ती व्यवसायाने वास्तुरचनाकार. ती म्हणाली, त्या भागाची मांडणी बघ: एका टोकाला वसाहतींच्या काळातलं अमेरिकन शहर, मग हळूहळू पश्चिमेचा सीमाप्रांत, मग तांबड्या डोंगरातली खाणीची गाडी. चालत गेलं की शंभर वर्षं सरकतात. हे सगळे तुकडे शिवले होते नदीने. आता मधला दोरा काढून तिथे बोलणाऱ्या गाड्या आणल्या तर बाकीचे तुकडे एकमेकांशी बोलणार कसे? तिचा नवरा म्हणाला, गाड्याच बोलतील. त्याला आम्ही चहा करायला पाठवलं.

कॅलिफोर्नियातल्या मूळ डिस्नेलँडमध्येही नदीवर संकट आलं होतं. 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागासाठी २०१६च्या जानेवारीत ती बंद केली. पण तिथे नदी कापली, संपवली नाही. २०१७च्या जुलैत परत उघडली तेव्हा लांबीला कमी होती, मात्र नवे कडे, नवे धबधबे घेऊन आली. आणि इतकी वर्षं फक्त उजवीकडे वळणाऱ्या तिथल्या आगगाडीला पहिलं डावं वळण मिळालं! (मला अशा गोष्टी पाठ असतात. लेकीच्या परीक्षेच्या तारखा नसतात.) ते दुःख लोकांनी पचवलं. इथे पचवायला काही ठेवलंच नाही.

याआधीही लोक रडलेत. १९९८मध्ये इथलीच मिस्टर टोडची राइड वाचवायला चाहते हिरवे टी-शर्ट घालून पार्कात जमले होते. राइड गेलीच, तिथे विनी द पू आला, आणि आज त्या पूसाठी रांग लावणारे आईबाप कदाचित तेच असतील. स्वतः वॉल्ट डिस्नेच म्हणून गेला की डिस्नेलँड कधी पूर्ण होणार नाही. बदल करणारे हे वाक्य ढालीसारखं पुढे धरतात.

तर मी ही सगळी बाजू नवऱ्यासमोर तावातावाने मांडत होते, तेव्हा त्याने भाजी चिरता चिरता एकच विचारलं. "तू बेटावर शेवटची कधी गेलीस?"

२०१९.

इथेच राहतो, पास आहे, वर्षातून सहा-सात वेळा त्या काठावरून चालत जातो. आणि सहा वर्षांत एकदाही तराफ्यात बसले नव्हते. धाकट्याचा जन्म २०१८चा, त्याने बेट पाहिलेलं होतं ते बाबागाडीतून. एरवी तराफे अर्धे रिकामे जायचे, हेही मी काठावरून पाहिलेलंच. मला ते बेट हवं होतं ते गावच्या घरासारखं, असावं म्हणून. छप्पर कोण शाकारतंय हे न विचारता.

म्हणून त्या रविवारी गेलो. आणि तोबा गर्दी! ज्या तराफ्याला एरवी पाच मिनिटं थांबावं लागत नसे त्याला सव्वा तास. पुढे एक साठीचं जोडपं, दोघांच्या टी-शर्टवर लाल चाकाची बोट. मागे कॉलेजची चार पोरं, त्यातली एक मुसमुसत होती आणि बाकीची तिला थंड पाण्याची बाटली देत होती. मी लाडू पुढे केला. "उपासाचा आहे," हे इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना, म्हणून "शेंगदाण्याचा, चालतो ना?" एवढंच विचारलं. तिने दोन खाल्ले.

बेटावर पाय ठेवायला जागा नाही. टॉमच्या त्या प्रसिद्ध चुना लावायच्या कुंपणापाशी फोटोंची रांग. गुहेत रांग. पडवीत मात्र कमाल होती. डुलत्या खुर्च्यांना रांग! माणसं घड्याळ बघत उभी, खुर्चीतला माणूस उठला की पुढचा बसणार. निवांत बसायच्या जागेवर मी पंचवीस मिनिटं उभी राहिले. नंबर लागला तेव्हा बसले, दोनदा डुलले, आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या कडेवरचं पोर बघून उठले. धाकट्याने तोवर किल्ला, पूल, गुहा सगळं पाहून घेतलं होतं. तो येऊन म्हणाला, "आई, इथे करायचं काय असतं?"

मी म्हटलं, काही नाही.

"मग गाड्या कधी येणार?"

मोठी, तेराची, जिच्या लाळेचा डाग पडला होता ती, कठड्याला टेकून फोनवर बोटीचं चित्रण करत होती. तिला २०१४चं काही आठवत नाही, ऐकून ऐकून पाठ आहे फक्त. तिनेच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. इकडे अकरा, तिकडे रात्रीचे साडेआठ. बाबा वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाऊन हात पुसत होते.

मी त्यांना खुर्च्या दाखवल्या, पाणी दाखवलं, हे सगळं उद्यापासून बंद म्हणून सांगितलं. माझा आवाज थोडा भरून आला असावा, कारण त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग विचारलं, "त्या जागेवर काय येतंय?"

"गाड्या येतायत बाबा. पोरांसाठी."

"मग बरंच की. दाभोळला फेरीबोट आली तेव्हा कोण रडलं होतं? मोटार पलीकडे जाते म्हणून आम्ही नारळ फोडला." तरीही ते म्हणाले, "जरा पाण्याकडे धर फोन." मी धरला. बोट वळणावरून येत होती, तिन्ही मजल्यांवर माणसं खचाखच, आणि तिने शिट्टी दिली. लांब, दोनदा. पडवीतली सगळी माणसं गप्प झाली. फोनमधून बाबांचा आवाज आला, "वाफ चांगली आहे अजून."

महिन्याभरात नदीतलं पाणी उपसल्याचे वरून काढलेले फोटो आले. कोरड्या कालव्यात मशीनं फिरत होती. मी ते बाबांना पाठवले नव्हते, लेकीने पाठवले. आता काठावरून जाताना उंच कुंपण लागतं. धाकटा प्रत्येक वेळी फटीला डोळा लावून बघतो आणि आम्हाला बातमी देतो: माती वाढली, क्रेन आली. त्या कामाचा खरा चाहता तो आहे. त्याला अजून पाच-सहा वर्षं तरी गाड्यांचं वेड राहो, एवढीच माझी इच्छा, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

आणि बाबा दर रविवारी फोनवर आधी पाऊस विचारतात, मग पोरांचं विचारतात, मग न चुकता विचारतात, "त्या बोटीतला बॉयलर कुठे नेला गो? भंगारात नाही ना घातला?"